फाटकावर टांगलेलं पांघरूण

१

सकाळी फाटक उघडायला गेले, तर खांबावर माझंच पांघरूण टांगलेलं. तारेनं गळा आवळून, मेलेला कोल्हा टांगतात तसं. काळे डाग मुद्दाम रस्त्याच्या बाजूला केलेले. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं आणि दुलमाच्या नावानं थुंकावं.

हे पांघरूण माणसाचं नव्हे, इंजिनाचं. मंगोलियाच्या उत्तरेला, आमच्या मुरुनमध्ये, हिवाळ्यात ओला हात कडीला लागला तर कातडी कडीपाशीच राहते. तिथं उघडं इंजिन किती दम धरणार? म्हणून बॉनेटखाली लोकरीचा जाड नमदा घालतात. तो नमदा मी करते. लोकर मी निवडते, बायांकडून कुटून घेते, शिवते आणि कोपऱ्यात माझी खूण घालते. शाळेत मी चार अक्षरांपुरती गेले, पण माझी खूण वाचता येत नाही असा ड्रायव्हर या मुलखात नाही.

"कुणाच्या बापाची हिंमत झाली ही?" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा साखळीसकट मागे सरकला.

सून उयांगा धावत आली. कोरियात राहून गाड्यांच्या तारांचं काम शिकून आलेली पोर. बोलते कमी, बघते जास्त.

"आई, ओढू नका. डाग पुसले जातील."

"माझा माल मी ओढेन नाहीतर चावेन. तू मला शिकवू नकोस."

मुलगा तुमेन चहाचा वाडगा घेऊन दारातच उभा. "पोरांचा वात्रटपणा असेल, आई. काढून टाक नि विसर."

"आधी वाडगा उजव्या हातात धर. टक्कल पडायला लागलं तरी तुझा डावरेपणा काही जात नाही."

तेवढ्यात ओचिर आला. स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांचा मुखिया, गॅरेजही त्याचंच. एरवी माझ्या फाटकातून वाकून आत येणारा माणूस आज ताठ उभा होता.

"दुलमाताई, ते दाम्बाच्या गाडीतलं आहे. दाम्बानं टांगलं, पण मी त्याला अडवलं नाही, हेही सांगून टाकतो."

मग त्यानं सांगितलं. आदल्या संध्याकाळी दाम्बाची गाडी शहराकडून येत होती, उतारूंनी भरलेली. खिंडीतल्या ओवोपाशी, त्या दगडांच्या पवित्र राशीपाशी, दाम्बा थांबला. गाडी पुन्हा सुरू होईना. आत पोरंबाळं, बाहेर वारा. म्हाताऱ्या लुवसाननं आपले लोकरी बूट एका परक्या पोरीच्या पायात घातले आणि स्वतः चिंध्या गुंडाळून बसला. शेवटी दाम्बानं पांघरूण ओढून बाहेर काढलं, इंजिन जरा निवलं, तेव्हा गाडी सुरू झाली.

"लुवसानची बोटं आज पहाटे कापली डॉक्टरांनी. दोन्ही पायांची."

माझ्यासारखी बाई गप्प झाली की ओचिरसारख्यांना जोर येतो.

"काल रात्री मी स्वतः करून पाहिलं, ताई. एकदा नाही, चारदा. गाडी गरम करायची, बंद करायची. पांघरूण असलं की सुरू होत नाही. पांघरूण काढून ठेवलं की सुरू होते. तुमच्या नमद्यात इंजिन शिजतंय. उद्या दुपारी सगळे ड्रायव्हर जमणार आहेत. तुमचा माल यापुढे कुठल्याच गाडीत नको, असं ठरतंय."

"ठरतंय? माझ्या नावाचं मढं उचलायला माणसं ठरलीत, आणि मला आमंत्रण आज?"

तो गेला. मी ते पांघरूण खाली उतरवलं आणि नाकाला लावलं. आयुष्य गेलं माझं लोकरीत. लोकर जळाली की जळक्या केसांचा वास येतो, तो महिनाभर जात नाही. या पांघरुणाला तो वास नव्हताच.

याला पेट्रोलचा वास येत होता.

२

दाम्बा मला स्टँडवरच्या खाणावळीत सापडला. समोर मटणाचं सारण भरून उकडलेल्या बूझांची वाफाळती ताटली. मला बघून घास तिथेच अडकला.

"खा, खा. म्हाताऱ्याची बोटं कापली म्हणून तू कशाला उपाशी राहतोस?"

"मावशी, मी काय मुद्दाम केलं का?"

"पांघरुणावर डाग कसले आहेत?"

"जळाल्याचे. दुसरे कसले असणार?"

मी डागावर बोट फिरवलं आणि तेच बोट त्याच्या गालावर ओढलं. काळी रेघ उमटली. शेजारचे दोघं हसले.

"जळलेली लोकर बोटाला लागत नाही, तिचा कोळसा होऊन चुरा पडतो. ही काजळी आहे. पुसलेली. चार डाग, एका ओळीत. काय पुसलंस?"

"मी कशालाही हात लावला नाही. शप्पथ." गाल चोळत तो म्हणाला. "आणि माझ्या गाडीत खोट काढू नका, मावशी. या थंडीत बाकीचे ब्लो-लॅम्पच्या ज्वाळेनं इंजिन तापवत गाडीखाली लोळतात, तास तास. माझी गाडी रोज सकाळी एका किल्लीत सुरू होते. विचारा कुणालाही."

"एका किल्लीत?"

"एका! उणे चाळीस असलं तरी."

"मोठं नशीब तुझं. मग खिंडीत इंजिन बंद का केलंस?"

त्याची नजर ताटलीत गेली. "ओवोला फेऱ्या मारायच्या होत्या. तीन."

"दाम्बा, मी तुझ्या बापाच्या गाडीतून फिरलेली बाई आहे. हिवाळ्यात ओवोला फेऱ्या मारताना कुठला ड्रायव्हर इंजिन बंद करतो? तुम्ही जेवायला बसता तरी गाडी बाहेर घुरघुरत असते. घरी पोचून झोपायची वेळ होईपर्यंत गरम इंजिन कुणी बंद करत नाही. तू का केलंस?"

तो उठलाच. बूझ अर्ध्यावर टाकून. मंगोल माणूस मटण टाकून उठतो, तेव्हा त्याच्या पोटात दुसरं काहीतरी असतं.

खिडकीतून मी त्याला गाडी काढताना पाहिलं. मागून धूर निघाला तो काळा. नवऱ्याचा ट्रॅक्टर मरायला टेकला होता, तेव्हा असाच धूर सोडायचा. तेव्हा तो म्हणायचा, हा पितोय जास्त आणि पचवतोय कमी.

म्हणजे दाम्बाला खिंडीत पेट्रोल पुरेल का याची भीती होती. म्हणून त्यानं इंजिन बंद केलं. पण मुरुनपासून शहरापर्यंतचा रस्ता झोपेत चालवणाऱ्याला पेट्रोलचा अंदाज चुकतो कसा?

३

माझं नाव गेलं तर फायदा कुणाचा, हे विचारायला डोकं लागत नाही. खिशिगेचा. ती बाजारात लोखंडी कंटेनरात बसून चकचकीत चंदेरी पांघरुणं विकते. सीमेपलीकडून आलेली. माझ्या नमद्यापुढे ती म्हणजे मिठाईचा कागद.

"या या, दुलमामावशी! आज पायधूळ? एखादं बघायला आलात की काय? तुमच्यासाठी कमी करेन."

"तुझ्या कागदात मी शिळं मटणसुद्धा गुंडाळणार नाही. दाम्बाच्या गाडीला तू काय केलंस?"

ती हसली नाही, हे मला खटकलं. हातमोजे काढून माझ्यासमोर बसली.

"मावशी, मी तुमच्या वाईटावर आहे, हे खरं. तुमचा धंदा बुडाला तर मी दोन दिवस नाचेन. पण मला गाडीतलं काय कळतं? पेट्रोल कुठून ओततात तेवढं माहीत आहे. आणि दाम्बा मला बॉनेट उघडून देईल का? त्याच्या बॉनेटखाली वाकायची मुभा फक्त तुमच्या घराला आहे. पांघरूण बसवायला तुमचीच माणसं जातात ना?"

"सरळ बोल."

"थंडीच्या सुरुवातीला मी दुकान बंद करून निघाले होते. स्टँडच्या मागे दाम्बाची गाडी, बॉनेट वर, आणि एक माणूस कमरेपर्यंत आत. पांघरूण बसवायला एवढा वेळ लागत नाही, म्हणून मी बघत राहिले. टोपी कानावर ओढलेली, पाठ माझ्याकडे. बाई की बुवा, कळलं नाही. पण पायाशी लाल पेटी होती."

"कसली लाल पेटी?"

"तुमच्या सुनेच्या हातात असते ती."

माझ्या कानशिलात कुणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं.

४

मी उयांगाला काही बोलले नाही. चोर समजायचा असेल तर त्याच्याच हातात कुलूप द्यावं आणि बघत बसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "चल ओचिरच्या गॅरेजात. दाम्बाची गाडी तपास."

ती लगेच निघाली. तीच लाल पेटी उचलून. मी तिच्या पाठीकडे बघत चालले.

ओचिरनं नाक मुरडलं. "ताई, गाडी मी पाहिली आहे. काट्यावर तापमान नीट दिसतं. कुलंट आहे, पंखा आहे, सगळं आहे. गुन्हेगार तुमच्या हातात आहे, तो नमदा."

"मग माझी सून बघेल तर तुझी गाडी झिजणार आहे का?"

उयांगानं आधी गाडी पाहिलीच नाही. माझ्या हातातलं पांघरूण उजेडात धरलं. चार डाग. त्यांच्यावर एकेक करून अंगठा ठेवला.

"आई, हे स्पार्क प्लग पुसल्याचे डाग आहेत. चार सिलिंडर, चार प्लग. दाम्बादादांनी खिंडीत प्लग काढून यावर पुसले. काळे होते आणि पेट्रोलनं ओले होते."

"मग?"

"इंजिन शिजलं असतं तर प्लग कोरडे, पांढरट निघाले असते. हे इंजिन शिजलेलं नाही. हे बुडलेलं आहे, पेट्रोलमध्ये."

ओचिरची मान जराशी वळली. दाम्बा दाराशी येऊन उभा राहिला होता, तो अर्धा दाराबाहेर झाला.

गाडी रात्रभर गॅरेजाबाहेर उभी होती. उयांगानं स्टिअरिंगखाली तिचं यंत्र जोडलं, गाडीच्या मेंदूशी बोलणारं ते स्कॅनर. "हवा उणे बत्तीस. कुलंट उणे तीस. आत्ता ठीक आहे. रात्रभर थंडीत राहिलेल्या गाडीत दोन्ही आकडे असेच जवळजवळ हवेत."

किल्ली फिरवली. गाडी खरंच एका झटक्यात सुरू झाली. आम्ही थांबलो. काटा हळूहळू चढून मधोमध आला. बॉनेटमधून ऊब यायला लागली, मी तर हातमोजे काढून हात शेकून घेतले.

"बघा," ओचिर म्हणाला, "काटा मधोमध. तापमान कळतंय गाडीला."

"दादा, काट्याला कळतंय. या जुन्या गाड्यांमध्ये काट्याचा सेन्सर वेगळा असतो आणि मेंदूचा वेगळा. मेंदूला काय कळतंय ते इथं बघा."

तिनं यंत्र आमच्यासमोर धरलं. मला आकडे वाचता येतात, तेवढी शाळा झाली आहे.

उणे तीस.

इंजिनावर चहा उकळला असता, आणि गाडीच्या मेंदूला वाटत होतं की ती अजून बर्फात उभी आहे.

"म्हणून मेंदू पेट्रोल ओततोय," उयांगा म्हणाली. "थंड इंजिनाला सुरू व्हायला जास्त पेट्रोल लागतं. सकाळी ते बरोबर पडतं, म्हणून एका किल्लीत सुरू. पण गरम झाल्यावरही ओततच राहतो. चालत्या गाडीत ते धूर होऊन जातं आणि टाकी रिकामी होते. गरम इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवली की प्लग बुडतात. पांघरूण काढलं की इंजिन खरोखर थंड होतं, मग तेवढंच पेट्रोल त्याला मानवतं. म्हणून ओचिरदादांना वाटलं, दोष पांघरुणाचा."

"मग सेन्सर खराब!" ओचिर म्हणाला. सुटल्यासारखा. "बदलून टाकू."

"थांबा, खात्री करू." तिनं हात घालून सेन्सरची वायर उपटली. "आता मेंदूला सेन्सरचा काहीच निरोप जाणार नाही. आकडा एकदम खाली कोसळला पाहिजे, यंत्र दाखवू शकतं त्याच्या तळाला."

आम्ही सगळे त्या यंत्रावर वाकलो.

आकडा हलला नाही. उणे तीस.

सेन्सर बोलत नव्हता, आणि त्याच्या आवाजात दुसराच कुणीतरी बोलत होता.

५

उयांगानं इंजिन गार होऊ दिलं, मग तो सेन्सर काढला. अंगठ्याएवढा पितळी तुकडा. तिनं ओचिरच्या चहाच्या किटलीत तो दोऱ्यानं सोडला आणि मीटर लावलं.

"आता माझा चहा पण?" ओचिर म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

पाणी तापत गेलं तसा मीटरचा आकडा उतरत गेला. एकसारखा. पाणी उकळलं तेव्हा उयांगानं मान हलवली.

"हा खरं बोलतो. याच्यात काही खोट नाही. कुणीतरी याच्यापर्यंत येणाऱ्या तारा मधेच अडवल्या आहेत."

ती गाडीखाली शिरली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग काळी पट्टी सोडवल्याचा चर्र आवाज आला, आणि पाय हलायचे थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नमद्यासारखा पांढरा पडला होता. तळहातावर तारेचा एक तुकडा होता. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, रेडिओत असतो तसा. मेंदूच्या तारा सेन्सरपासून तोडून याला जोडलेल्या. हा दाणा आयुष्यभर एकच गोष्ट सांगणार: उणे तीस, उणे तीस. वरून प्लास्टिकची काळी नळी चढवलेली, तापवली की आवळते ती. नळीवर बारीक कोरियन अक्षरं.

"ही नळी माझी आहे, आई," ती म्हणाली. "माझ्या पेटीतली. या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही."

ओचिर माझ्याकडे बघायला लागला. मी तिचं मनगट धरलं आणि तिला गॅरेजामागे ओढत नेलं.

६

"घर खाल्लंस माझं! तुझ्या नवऱ्याची आई मी. माझ्या नावावर कोळसा फासून वर तपासायला येतेस?"

"मी केलं असतं," ती माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तर ती पट्टी मी तुमच्यादेखत सोडवली असती का? सेन्सर खराब आहे म्हटलं असतं आणि गुपचूप सगळं काढून टाकलं असतं. ओचिरदादा तर म्हणालेच होते, बदलून टाकू."

मी तिचं मनगट सोडलं.

"आणि ज्यानं केलं त्याला अर्धंच काम कळतं, आई. सकाळी सुरू कशी करायची एवढं कळतं. गरम इंजिनाचं काय होईल ते कळत नाही. मला कळतं. मी करणारच असते तर बटण बसवलं असतं, सुरू झाली की बंद करायला."

तो तुकडा मी तिच्या हातून घेतला. नळी नखानं मागे सारली. आत जोड सुटू नये म्हणून तारा दोऱ्यानं बांधल्या होत्या. उंटाच्या केसांचा दोरा, मेणात बुडवलेला.

हा दोरा बाजारात मिळत नाही. तो मी कातते. पांघरुणाच्या कडा शिवायला, फक्त माझ्या घरात. आणि त्याचे वेढे उलटे होते. कुटणाऱ्या बाया, सून, मी, आम्ही सगळ्या गुंडाळतो त्याच्या उलट दिशेनं. डाव्या हाताचे वेढे. पांघरुणं पोचवायला आणि बॉनेटखाली बसवायला माझ्या घरातून कोण जातं, हे खिशिगेनं मला तोंडावर सांगितलं होतं. आणि मी लाल पेटी ऐकली, बाकीचं ऐकलंच नाही.

उयांगाला हे तारा बघताच कळलं असणार. तिनं नाव घेतलं नाही. माझ्या तोंडून शिव्या खाल्ल्या, पण नवऱ्याचं नाव घेतलं नाही. मला तिचाही राग आला. सगळ्यांचाच आला.

तुमेन घरी मटण कापत बसला होता. मी तुकडा त्याच्या पुढ्यात, त्या मटणावरच टाकला. त्यानं वर पाहिलं नाही, म्हणजे कबूलच केलं.

"किती गाड्यांत?"

"सहा." सुरी खाली ठेवून तो म्हणाला. "आई, सकाळी गाड्या सुरू होत नाहीत म्हणून रडायचे सगळे. उयांगा काम करते ते बघून बघून मला जमलं. एकाला बसवून दिलं, मग दुसरा आला. मला उस्ताद म्हणायला लागले. उयांगाचा नवरा नाही, उस्ताद."

"आणि लुवसानची बोटं?"

"मला काय माहीत गरम असताना असं होईल!"

"काल कळलं ना? सकाळी फाटकावर माझं पांघरूण लटकत होतं, तेव्हा कळलेलं होतं ना? चहा पीत उभा होतास तू!"

तो उठून उभा राहिला. एवढा थोराड माणूस, पण हात पाठीमागे, लहानपणी चोरी सापडली की धरायचा तसे.

"माझं नाव आलं असतं तर त्यांनी मला मारून टाकलं असतं. तुझं नाव आलं तर तुला कोण हात लावणार, आई? तू दुलमा आहेस. चार दिवस ओरडशील, मग सगळे पुन्हा तुझ्याच दारात येतील. मी तसा हिशेब केला."

माझ्याच ताकदीच्या आड लपला होता माझा मुलगा. मी त्याला मारलं. त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, दोन वेळा, आणि माझा हात दुखला.

७

दुपारी स्टँडवर सगळे जमले होते. मी तुमेनला पुढे घालून चालले. उयांगा मागून. गर्दीच्या अलीकडेच ओचिरनं मला गाठलं. दाम्बा त्याच्या बाजूला.

"ताई, कळलं आम्हाला. दाम्बानं सांगितलं सगळं. त्यानंच बसवून घेतलं होतं तुमेनकडून."

"मी नाव घेतलं नाही, मावशी," दाम्बा म्हणाला. "तुमचा मुलगा ना. तुमचा मान राखला."

"माझा मान राखायला माझ्या फाटकावर लक्तर टांगलंस?"

त्यानं टोपी काढून हातात धरली. ओचिरनं आवाज खाली आणला. "ऐका माझं. मी सगळ्यांना सांगतो, सेन्सर खराब निघाला. जुनी गाडी, जपानहून आलेली, भाग जातात. पांघरुणात काही दोष नव्हता. तुमचं नाव धुऊन निघालं. तुमेनचं नाव निघणार नाही. बाकीच्या पाच गाड्या तो गुपचूप नीट करेल. सगळ्यांचंच झाकलं जाईल."

खरं सांगते, मी थांबले. कुणाचंच वाईट होत नव्हतं. मला जे हवं होतं ते तळहातावर ठेवून मिळत होतं, आणि पोटचा पोर वाचत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी आशा होती की मी नजर फिरवली.

माझ्या खिशात तो पितळी तुकडा होता. किटलीतून काढून उयांगानं माझ्याकडे दिलेला.

"ज्यानं काही केलं नाही त्याच्यावर ढकलायचं," मी ओचिरला म्हटलं, "कारण त्याला तोंड नाही. काल माझ्या नमद्यावर ढकललंत, आज याच्यावर. उद्या तुमची गाडी खिंडीत बंद पडेल, आणि तुम्ही नवा सेन्सर घालून बसाल. तो दाणा तिथंच असेल. मग कुणाची बोटं कापायची?"

"पोरं तुमेनला तुडवतील, ताई."

"तुडवतील. मग उचलून आणायला मी आहे."

आणि मी गर्दीत शिरले. भाषण मला येत नाही. मी सेन्सर वर धरून दाखवला, तारेचा तुकडा दाखवला, आणि कुणी काय केलं ते सांगितलं, तुमेनचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पांघरूण माझं आहे आणि त्यात खोट नाही. पोरगाही माझाच आहे. ज्यांच्या गाडीत यानं हात घातलाय त्यांनी आत्ता बॉनेट उघडा. तुम्ही हे हौसेनं बसवून घेतलंत, त्यामुळे लाजायचं असेल तर सगळे मिळून लाजा."

कुणीतरी तुमेनच्या तोंडावर बुक्की मारली. ओचिरनं दुसऱ्याचा हात धरला. मग एकेक करून बॉनेट वर झाली. पाच. नाकातून रक्त गळत असताना तो पहिल्या गाडीखाली शिरला, आणि उयांगा पेटी घेऊन त्याच्या शेजारी बसली. त्याला काही सांगत नव्हती. फक्त पक्कड पुढे करत होती.

८

शेवटची गाडी झाली तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता दवाखाना."

"आई, उद्या जाऊ."

"आज."

लुवसान भिंतीकडे तोंड करून पडला होता. ज्या पोरीला त्यानं बूट दिले होते तिची आई बाजूला सूप घेऊन बसली होती. पायांवर गोधडी होती, आणि ती जिथं उंच असायला हवी तिथं सपाट होती.

तुमेननं सगळं सांगितलं. मी एक शब्दही मदत केली नाही. दोनदा अडखळला, दोनदा पुन्हा सुरुवात केली. म्हातारा मधेच वळला आणि त्याच्याकडे बघत राहिला, शेवटपर्यंत.

आमच्याकडे चुकून कुणाच्या पायाला पाय लागला की लगेच हात मिळवायचा असतो. बाजारात, गाडीत, कुठंही. लहान पोरंसुद्धा करतात. नाही मिळवला तर मनात अढी राहते. तुमेनला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं हात पुढे केला.

लुवसाननं त्या हाताकडे पाहिलं. ग्रीसनं माखलेला, बोटं फुटून रक्ताळलेली.

"हे पाय लागल्यावर करायचं असतं, पोरा," तो म्हणाला. "तू पाय लावलास कुठं? तू तर नेलेस."

त्यानं आपले हात गोधडीखाली घेतले आणि डोळे मिटले. बाईनं सुपाचा चमचा वाडग्यात ठेवला. तुमेनचा हात तसाच पुढे होता. तो माझ्याकडे बघत होता, काय करू म्हणून.

मी त्याला हात खाली घे म्हणाले नाही.